आत ओढलेला होकार

माल्म्योहून निघताना आई म्हणाली होती,
भाषा तीच आहे की, त्यात घाबरायचं काय.
एक दिवस आणि एक रात्र गाडीत.
आधी शेतं संपली, मग पानांची झाडं, मग माणसं.
उतरताना तिकीट तपासणारा काहीतरी म्हणाला,
त्यातलं मला एवढंच कळलं
की ते बोलणं होतं.

उमेओ हे नाव नकाशावर.
इथले लोक शेवटचा ओ गिळून नुसतं उमे म्हणतात.
ओ कुठे गेला, असं विचारलं तर म्हणे,
उणे पंचवीसमध्ये तोंड किती वेळ उघडं ठेवायचं?

गाव तिथूनही तासभर वर.
कामाला चार घरं, चार म्हातारी माणसं.
गोळ्या, आंघोळ, लोकरी पायमोजे, कॉफी.
पहिलंच घर गुनहिल्डचं.
मी विचारलं, कॉफी ठेवू?
तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला
आणि श्वास आत ओढला,
श्शुप्,
पायाशी साप दिसावा तसा.
मी धावले. मनगट धरलं. ठोके मोजले.
तिचे एकाहत्तर.
माझे मोजले नाहीत ते बरं.
गुनहिल्ड म्हणाली, ठेवतेस ना आता?
हो म्हटलं की तुला मघाशीच.

हो. हा त्यांचा हो.
आयुष्यभर मी होकार बाहेर सोडत आले,
फुंकर मारावी तसा.
हे लोक तो आत घेतात,
गरम रश्श्याचा पहिला भुरका घ्यावा तसा.
पुढचे दोन आठवडे मी प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला.
खिडकी लावू? श्शुप्.
खिडकी लावू ना? श्शुप्,
या वेळी जरा चिडून.

माझीही कमी फजिती नव्हती.
आमचा दक्षिणेतला र घशातून येतो.
शेजारचा रोलान्ड मुद्दाम स्वतःचं नाव
माझ्याकडून तीनतीनदा म्हणवून घ्यायचा.
घशात पेज अडकलीय का गं, विचारायचा,
आणि डोळे पुसायचा.
पण एकदा सरपण आणायचं होतं,
मी अंगणातूनच ओरडले, रुल्लेब्योर आहे का तुमच्याकडे?
आमच्याकडे एकचाकी हातगाडीला हाच शब्द.
त्याला ऐकू आलं, बोर. स्ट्रेचर.
अनवाणी आला बर्फातून,
पांढराफटक,
गुनहिल्ड गेली का, म्हणत.
गुनहिल्ड खिडकीत बसून बिस्किट बुडवत होती.
त्यानंतर महिनाभर त्यानं माझ्या र चं नाव काढलं नाही.
हातगाडी मात्र आमच्या दारात आणून ठेवली,
अजून तिथेच आहे.

कधी शिकले, ठाऊक नाही.
ही गोष्ट कुणी शिकवत नाही,
मलेरकोटलीसारखी कुठे लिहूनही ठेवत नाही.
एकदा दुकानात मुलीनं विचारलं, पिशवी हवी?
आणि माझ्या तोंडात थंड हवा शिरली.
तिनं पिशवी दिली.
मी बाहेर येऊन थोडा वेळ नुसती उभी राहिले.

रविवारी आईचा फोन. आमच्या घरच्या भाषेत,
बोस्नियाच्या, जी तिनं लॉन्ड्रीच्या वाफेतसुद्धा
सुरकुती न पडू देता जपली.
जेवलीस का?
श्शुप्.
काय झालं? चटका बसला? सेनादा!
काही नाही आई, हो म्हटलं.
मग म्हण ना.
म्हटलं. दा, दा, जेवले.
मोठ्यानं, बाहेर सोडून,
ती म्हणायची तसंच.

पलीकडे जरा शांतता.
मग ती म्हणाली, आवाज बदललाय तुझा.
मी काहीच बोलले नाही.
म्हणजे बोलले,
पण आतल्या आत.