रिजेक्ट

नुसती दोरी बांधलीय मधे.
पलीकडे हिरवा रंग फासलेलं ऑईल इंजिन,
पितळी पाटी : साल, अश्वशक्ती, हात लावू नये.

आबांनी पायताण दाराशीच काढलं होतं,
कुणी सांगितलं नव्हतं.
वाकले, आणि दोरीखालून हात घातला
फ्लायव्हीलच्या बुडाशी
जसा म्हशीच्या कासेला घालावा.

"हितं बघ."
रंगाखाली मुगाएवढा खड्डा.
"वाळू वली ऱ्हायल्ती त्या दिवशी.
बाबालाल मेस्त्री म्हणला, ह्ये न्हाई जायाचं गिऱ्हाइकाला.
कोपऱ्यात टाकलं."

ओ काका, हात काढा!
आबांनी काढला. तळवा पाहिला.
स्वच्छ होता.
त्याचंच जरा वाईट वाटलं त्यांना.

मग चांगली इंजिनं कुठायत?
"चांगली?
ती गेली की. नदीकाठाला, गुऱ्हाळावर,
पाणी उपसून उपसून झिजली,
मोडीत निघाली, पुन्यांदा भट्टीत."

बाहेर उद्यमनगरात एक लेथ करकरत होतं.
पायताण चढवताना म्हणाले,
पाटीवर बाबालालचं नाव न्हाई.
चार पावलं गेल्यावर :
"बरंच झालं.
असल्या मालावर त्यानं घालू दिलं नसतं."