इंग्रजीतलं सफरचंद

एर्देनेतच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी सात ते साडेआठ आमचं इंग्रजी असतं.
बाहेर उणे एकोणतीस. आत आम्ही नऊ जण,
कोट खुर्च्यांच्या पाठींवर, टोप्या रेडिएटरवर,
ओल्या लोकरीचा वास,
आणि खोंगोरझुल बाई, माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान,
चिठ्ठ्या वाटतात.

आजचा विषय खाणं. तेही मधल्या वेळचं.

माझ्या जोडीला गोन्चिग.
तीस वर्षं तांब्याच्या खाणीत डंपर चालवला,
अजून खुर्चीतसुद्धा चढून बसल्यासारखा बसतो.
चिठ्ठी हातभर लांब धरून मी वाचते:
दोन जेवणांच्या मध्ये तुम्ही काय खाता?
तो घसा साफ करतो.
"आय ईट ॲपल."

ॲपल!
खाणीच्या कॅन्टीनात बावीस वर्षं झारा माझ्या हातात होता.
हा माणूस काउंटरवर कोपर टेकून
चार खूशूर घ्यायचा, कढईतून थेट,
मटणाची चरबी मनगटावरून बाहीत उतरायची,
आणि पाचवा कागदात बांधून मागायचा,
"कुत्र्यासाठी."
कुत्रा नव्हता.

पण खूशूरला इंग्रजीत काय म्हणतात कोणास ठाऊक,
आणि पाचव्या धड्यात चित्र आहे ते सफरचंदाचं.

माझी पाळी.
"आय ईट कॅरट," मी ठोकून दिलं. "एव्हरी डे."
डॉक्टरांनी माझी बिस्किटं कधीची बंद केलीत,
मी नाही केली.
पण बिस्किटाचं स्पेलिंग जमत नाही,
म्हणून इंग्रजीत मी ती सोडून दिली आहेत.
बाई खूश. फळ्यावर मोठ्या अक्षरात: हेल्दी.
शब्द मोजके असले की माणूस किती पथ्याने राहतो!
आम्ही दोघं म्हणजे सशांची जोडी,
साडेआठपर्यंत.

दुसरी चिठ्ठी त्याच्या हातात.
भूक नसतानाही माणसं का खातात?

गोन्चिग वाचतो. शब्दांखाली बोट फिरवत परत वाचतो.
रेडिएटरच्या पोटात पाणी गुडगुडतं.
त्याची नात कॅलगरीला असते, तिला आपली भाषा येत नाही,
फोनवर तिच्याशी बोलता यावं म्हणून हा सगळा खटाटोप,
आणि ती दर वेळी एकच विचारते: आजोबा, काय खाल्लं?
ॲपल.

"नाइट," तो म्हणतो. थांबतो.
"नाइट इज लाँग. टीव्ही. माय वाइफ…"
पुढचं क्रियापद भूतकाळात न्यायचं होतं,
तो धडा अजून झालेला नाही.

मग कोटाच्या खिशातून त्याने आरूलचा एक खडा काढला,
दह्याचा, वाळून दगड झालेला.
मूठ आवळून दाबताना उठतात ना, तशी त्यावर
चार बोटं.
उन्हाळी घराच्या छपरावर बायकोने वाळत घातलेला,
तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात.
"आय नॉट ईट," तो म्हणाला. "आय कीप. हिअर."
गालावर बोट टेकवलं.
चावत नाही. झोप येईपर्यंत गालात असतो.
पिशवीत किती उरलेत ते मात्र बिनचूक सांगितलं,
आकडे त्याला येतात.
"इलेव्हन."

खोंगोरझुल बाई मागे येऊन उभ्या होत्या.
"कीप नाही, गोन्चिग ग्वाइ. ईट. खाण्याला ईट."
त्याने वहीत लिहून घेतलं, दोनदा.
मी माझी वही मिटली.

साडेआठला सगळे जिना उतरलो. बर्फ करकरत होता.
बसथांब्यावर त्याचा श्वास टोपीच्या केसांवर गोठत होता,
तो काही बोलला नाही, मीही नाही.
पर्समध्ये बिस्किटांचा पुडा होता, निम्मा,
दुपारी लपून खाल्लेला.
बस दिसली तेव्हा तो मी त्याच्या खिशात कोंबला,
आरूल नसलेल्या.

"हे काय?"

"कुत्र्यासाठी," म्हटलं.
आपल्या भाषेत.