पस सेल्स : भरपूर

शिंगाळ्याचा काटा घुसला शुक्रवारी.
आज मंगळवार.
द्वारकी मायबा बाकावर बसलीय,
उजव्या हाताचं पहिलं बोट
पाहुण्यासारखं वेगळं धरून.
"तीन दिस मिठाच्या पाण्यात बुडयलंय," म्हणते.
"पण लिलाव चुकवूक नाय."

डॉक्टरांनी चीर दिली. ती हूं की चूं नाही,
फक्त डावा हात रिकाम्या टोपलीच्या काठावर गेला
आणि तिथेच आवळून राहिला.

माझ्या वाट्याला आला एक थेंब.
काचेवर पसरला, वाळवला, जांभळा रंग घातला,
पाण्याने धुतला. तेवढ्यात वीज गेली.
मालवणात दुपारची जातेच.
मग जुनं यंत्र खिडकीशी ओढलं, खालचा आरसा फिरवला,
आणि दांडीच्या समुद्रावरचा उजेड
तिच्या पुवात सोडला.

"बघतेस?"

तिने एक डोळा मिटला,
सुरमईचे कल्ले उघडून बघताना मिटते तसा.
"ह्यां सगळां माज्या बोटातलां?"
तुझंच. त्या मोठ्या गोल दिसतात त्या पांढऱ्या पेशी,
आणि त्यांच्या पोटात करवंदांसारखे झुबक्याने
ते जंतू. काट्याबरोबर आलेले.
"त्येंका डोळे आसत?"
नाहीत.
"मगे गावतत कशे?"
वासावर.
"म्हंजे बाजारातली मांजरां," ती म्हणाली,
आणि पुन्हा डोळा लावला.

मी सांगत गेले, जमेल तसं.
रक्तातून वाहत जाताना जखमेचा वास लागला की
त्या नळीच्या भिंतीला घासू लागतात, रेंगाळतात, थांबतात.
मग चिऱ्याच्या गडग्यातून कुर्ली निघते
तशा अंग चपटं करून
सांध्यातून बाहेर.

"आणि धरतत कशे?"

तू वाम कशी धरतेस?

"राख लावन."

तसंच. जंतूही बुळबुळीत, हातात राहत नाही.
रक्तातलंच काहीबाही आधी त्याच्या अंगावर बसतं,
राखेसारखं. मग पकड येते.

ती हसली. शुक्रवारनंतर पहिल्यांदा असावी.

तोंड नसतं त्यांना. सगळं अंगच तोंड.
खाजणात भरती दगडाला चढते,
दोन्हीकडून, आवाज न करता,
पाठीमागे पाण्याला पाणी भेटतं
आणि दगड होता तिथे नुसतं पाणी.
आत एक पिशवी तयार होते, तिच्यात जंतू.
दुसऱ्या पिशव्या सरकत येतात, तिच्यात रिकाम्या होतात :
आंबट, जहाल, कातडी विरघळवणारं,
आणि आपण विहिरीत टाकतो त्या ब्लिचिंगचा
सख्खा भाऊ.

काही जंतू आत जाऊनही मरत नाहीत.
हे मी तिला सांगितलं नाही.

"आता हे काय करतत? हालत नाय ते."

मेलेत. हाडाच्या मगजात जन्म,
फार तर दोन-चार दिवसांचं आयुष्य,
आणि शेवट हा असा, पिवळा.
पू म्हणजे बहुतेक त्याच.

ती बराच वेळ गप्प.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
"खावन मेले," ती म्हणाली.
"उपाशी नाय मेले, ह्यां बरां."

मागाहून मोठ्या पेशी येतात, मेलेल्यांना उचलायला.
लिलाव उठल्यावर तुमच्या बंदरावर
खवल्यांतून झाडू फिरवत जाणारी ती बाई आहे ना...
"सरसवती," द्वारकी म्हणाली. "तिका पैशे कोण देयना नाय."

वीज आली. पंखा आधी कण्हला, मग फिरला.
मी रिपोर्टाचा कागद ओढला,
नाव, वय (पंचावन्न सांगितलं, साठ असावं),
आणि खालच्या ओळीत लिहिलं :
पस सेल्स : भरपूर.

गोळ्यांची पुडी पदराला बांधून
ती कागद उजेडात धरून वाचत राहिली, अक्षर अक्षर लावून.
दारातून परत फिरली.

"भरपूर म्हंजे
बरां काय वायट?"