सलग सात ठिपके

अंबडच्या कारखान्यात मी बुश मोजतो.
दर तासाला पाच नग, मायक्रोमीटर, तक्त्यावर एक ठिपका.
मधल्या रेषेच्या एकाच बाजूला सलग सात ठिपके आले
की लेथ थांबवायचा.
कारण शोधायचं. टूल झिजलंय का, कूलंट कमी पडतंय का,
की ऑपरेटरची रात्र नीट गेली नाही.
हे मी नव्या पोरांना शिकवतो.
पोरं मान हलवतात.

माझे सलग सत्तेचाळीस झाले.
सगळे रेषेखाली.

रात्री साडेअकरा ते दीड, पाथर्डी फाटा, तिसरा मजला,
मोबाइलचा उजेड उशीआड धरून.
वृंदा भिंतीकडे तोंड करून झोपते
किंवा झोपल्यासारखं करते.
तिचा हात मला अजून वाचता आलेला नाही.

परवा माझ्याकडे दोन एक्के होते.
समोर इंदूरचा कुणी, पोपटाचा फोटो लावलेला,
त्याच्याकडे दोन नव्व्या.
पाचांत चारदा मीच जिंकायचा असा डाव.
शेवटच्या पानाला नव्वी आली.

त्या शेवटच्या पानाला खेळात रिव्हर म्हणतात.
आमच्या गावात नदीला कुणी नदी म्हणत नाही,
गंगा म्हणतात.
गंगेवर जाऊन येतो म्हटलं
की आई आधी विचारायची, का रे, कोण गेलं?

गणित मला येतं. सांगून ठेवतो,
कारण हरणाऱ्याला सगळे आधी अडाणी समजतात.
इतक्या वाईट रात्री गणितात बसतात, मी बसवून पाहिल्यात.
पण सत्तेचाळिसाव्या रात्री गणित
भेटायला आलेल्या नातेवाइकासारखं वागतं.
बोलतं ते खरं असतं,
आणि चहा पिऊन निघून जातं.

समोरचे बोरस्ते नोटांच्या छापखान्यात आहेत.
दिवसभर डोळ्यांखालून पाचशेची बंडलं,
सुटताना झडती.
एकदा जिन्यात विचारलं, हात शिवशिवत नाहीत?
म्हणाले, आत तो नुसता कागद असतो हो,
गेटाबाहेर गेला की पैसा होतो.
मी कठड्याला धरून हसलो, त्यांना वाटलं विनोद आवडला.
माझ्या गेटातून उलटी वाहतूक चालते.
एक लाख बारा हजार चारशे.
हा आकडा पहिल्यांदाच अक्षरी लिहितोय,
चेकवर लिहितात तसा.
पुढे 'फक्त' लिहायचं राहिलं.

रविवारी कंपनीचा आलेख कागद घेऊन बसलो.
मार्चपासूनची प्रत्येक रात्र, एकेक ठिपका.
पेन्सिल दोनदा टोकली.
म्हटलं, पानांचा दोष किती आणि ऑपरेटरचा किती,
एकदा निकाल लागू दे.
कागद ओट्यावर राहिला, मी दूध आणायला गेलो.
मुद्दाम राहिला की चुकून, ते मलाही सांगता येणार नाही.

परत आलो तर वृंदा तो हातात धरून उभी.
रकमेचं काही बोलली नाही.
ओल्या बोटानं मधल्या रेषेवरून हात फिरवत विचारलं,
ही रेष कुणी ठरवली?

सरासरी आहे, म्हणालो.
कशाची?

दूध उतू जाईपर्यंत उत्तर शोधत होतो.
रेष मी मार्चमधल्या एका आठवड्यावरून काढली होती.
पाच दिवस.
बेचाळीसशे जिंकलो होतो
आणि येताना पेढे आणले होते, कशाचे ते न सांगता.

सोमवारी चार नंबरच्या लेथवर सलग सात आले.
नवा पोरगा, कळवणचा, आडनाव पगार,
स्विचवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला,
सर, अजून एक नग काढू ना,
आठवा नक्की वर जाईल.

मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिलो कोण जाणे.
लेथ चालूच होता.