पाच नंबर

कॉलेजला व्हिडिओ हवाय, तीन मिनिटांचा.
सगळ्यात भारी काय ते पहिल्या वीस सेकंदांत टाका,
पुढचं कुणी बघत नाही,
असं देवनारच्या परेराने सांगितलं;
त्याची दोन पोरं गेल्या वर्षी लागली.
खेळाडूभोवती लाल गोल काढायचा. गाणं नको.

अकरा सामने उतरवलेत मी,
बारा नंबर इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून,
जिन्याच्या गजांमधून,
म्हणून प्रत्येक दृश्यात एक आडवी काळी पट्टी
आणि अधूनमधून सातपुतेकाकूंचा आवाज:
सर, चहा ठेवलाय, निवतोय.

चैत्राली वैती. बारावी, वाणिज्य.
उंची पाच फूट दोन,
फॉर्मवर मी तीन लिहिलं.
जागा: बचाव, मधोमध.
गोल: शून्य.
इथे पेन थांबतं.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडतो
आणि तिला शोधत बसतो.
समोरची नऊ नंबरवाली उजवीकडून निघते, सुसाट,
मान वर करते,
आणि चेंडू मागे देते.
परत लावतो.
मान वर, चेंडू मागे.
का दिला? वाट तर मोकळी होती.
चौथ्या वेळी दिसतं, पट्टीच्या खाली, कडेला,
ही तीन पावलं आधीच सरकलेली,
हात कमरेवर,
रिक्षाची वाट बघत असल्यासारखी.
वाट मोकळी नव्हती.

आता लाल गोल कशाभोवती काढू?
न दिलेल्या पासभोवती?

म्हटलं तिला, शनिवारी जरा पुढे जा,
कॉर्नरला डोकं लाव,
एखादी घसरून टॅकल मार, माती उडू दे,
कॅमेऱ्यात काहीतरी दिसायला हवं ना, बाई.
गेली. ऐकणारी पोर.
दोनदा घसरली, गुडघा सोलवटून घेतला,
दिसलं मात्र झकास,
मी वरून शिट्टीसुद्धा मारली.
आणि आम्ही तीन खाल्ले.
तिन्ही तिच्या रिकाम्या जागेतून.

नंतर ती काही बोलली नाही,
मोजे काढत बसली.
गोलकीपर निखत मात्र
माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ,
हातमोजे न काढता.

तिचे वडील ट्रॉम्बेच्या धक्क्यावर भेटले, जाळं तुणत.
म्हटलं, जूनमध्ये कॉलेजची भरती आहे.
म्हणाले, आमची रोज दोनदा असते.
हसलो दोघं.
मग सुई थांबवून विचारलं त्यांनी,
फी पूर्ण माफ, की अर्धीच?
मी म्हटलं, बघू.
हा शब्द मी गेली एकोणीस वर्षं
आईबापांच्या हातावर ठेवत आलोय,
सुटे पैसे नसले की गोळी ठेवतात तसा.

काल रात्री बसून केला एकदाचा.
पहिली वीस सेकंदं:
चार सामने, चार वेगळ्या पोरी,
चौघींची मान वर,
चौघींचा चेंडू मागे.
लाल गोल नाही.
पट्टी आहे तशीच, काकूंचा आवाजही राहिलाय एके ठिकाणी,
काढता आला नाही.

सोबतच्या पत्रात खूप लिहिलं, मेहनती, शिस्तप्रिय वगैरे,
ते सगळं खोडलं.
ठेवलं एवढंच:
महोदय, सुरुवातीला कृपया चेंडूकडे बघू नका.

शनिवारचा घसरलेला टॅकल
शेवटच्या पाच सेकंदांत घातलाच तरी.
कोण जाणे, परेरा म्हणतो तेच खरं असलं तर?
निखतला सांगणार नाही.

पाठवायच्या आधी
फॉर्म पुन्हा उघडला
आणि उंची पाच दोन केली.