पाव फेरा अजून

आधी नोल्फाच्या लक्षात आलं.
तिच्या फाटकापाशी, नव्या सिमेंटवर
लिंबाएवढा काळा डाग. आठवड्याने बशीएवढा.
"बाउदिलियो," ती म्हणाली,
"तुझी पिकअप अंथरूण ओलं करायला लागलीय."

एकोणचाळीस वर्षांची शेवरोले. कधीकाळी निळी.
आता बटाट्याची पोती जिथे घासत नाहीत
तेवढ्याच जागी निळी.

मेव्हणा खाली वाकल्यासारखं करून म्हणाला, मागचं सील.
मागचं सील म्हणजे गिअरबॉक्स उतरवा,
म्हणजे कास्त्रोचा गॅरेजवाला,
म्हणजे दोन हंगामांचा लसूण.
फेरीबोटीवर दोर टाकणारा पोरगा म्हणाला, फिल्टर.
पाद्री म्हणाले, वय झालं की सगळ्यांचंच...
आणि पुढचं बोलले नाहीत.

मी सफरचंदांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून खाली सरकवला.
सकाळी पाच ठिपके.
बाण काढला: इकडे तोंड, इकडे शेपूट. तारीख घातली.
असे अकरा पुठ्ठे झाले.
बायकोने चुलीत घातले तेव्हा कळलं
की ते मला जपून ठेवायचे होते.

तेल खोटं बोलत नाही, पण सरळही बोलत नाही.
निघतं एकीकडून,
पंख्याच्या वाऱ्याने मागे रेटलं जातं,
एखादी कड धरून चालतं,
बोल्टाच्या डोक्यावर जरा टेकतं,
आणि पडतं तिथे,
जिथल्या कुणाचा काही दोष नसतो.
आपण तिथेच बोट ठेवतो.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.

म्हणून सगळं धुतलं. रॉकेल, जुना टूथब्रश, तीन दुपारी.
काजळीखालून ओतीव अक्षरं वर आली, जपानी,
इतकी वर्षं माझ्या गुडघ्यापासून दोन हातांवर होती
आणि मला वाचता येत नाहीत.

मग नातीच्या पावडरीचा डबा. अख्खा.
इंजिन दिसायला लागलं
न्हाऊन घातलेल्या, रागावलेल्या म्हाताऱ्यासारखं.
आता एक कोरडा दिवस हवा होता.
आमच्या बेटावर तो मिळायला नऊ दिवस गेले.

दाल्काउएपर्यंत गेलो, परत आलो, बॉनेट उघडलं.
सगळीकडे पांढरं.
आणि वर, पार मागे, भिंतीकडच्या कोपऱ्यात,
व्हॉल्व्ह कव्हरच्या शेवटच्या बोल्टाखाली
केसाएवढी तपकिरी रेघ.

हात पोचतो तिथे, डोळा पोचत नाही.
बायकोचा पावडरीचा आरसा मागून आणला.
आरशात पत्र्याची कड आत वाकलेली,
गॅस्केट बाहेर आलेलं, जिभेसारखं.

दोन हिवाळ्यांपूर्वी हा बोल्ट मीच आवळला होता.
त्या संध्याकाळी रेनान निघाला होता
पुंता अरेनासला, माशांच्या कारखान्यात.
बॅग दाराशी. तो बॅटरी धरून उभा.
"बाबा, बसला तो बोल्ट."
पाव फेरा अजून, मी म्हणालो.
"बाबा, बस सुटेल."
पाव फेरा अजून.

कव्हर काढलं. लाकडी ठोकळ्यावर ठेवून
हातोडीच्या लहान लहान टिचक्यांनी कड सरळ केली.
बुचाचं नवं गॅस्केट तीन पावांच्या किमतीत आलं.
मेव्हण्याला किंमत सांगितली नाही,
त्याला वाईट वाटलं असतं.

बोल्ट बोटांनी बसवले. मग लहान पाना, दोनच बोटं.
शेवटच्या बोल्टापाशी हात थांबेना.
हाताला तो पाव फेरा पाठ आहे.
पाना खिशात घातला आणि घरात गेलो,
जेवतानाही तो मांडीला टोचत होता.

सकाळी नवा पुठ्ठा पाहिला.
मधोमध एक ठिपका.
बोटाने टिपला, अंगठ्यावर चोळला, हुंगला.
पाणी.
रात्री वारा फिरला होता, छपराखाली पाऊस आला होता.

कुंपणापलीकडून नोल्फा, हातात कोंबड्यांचं भांडं:
"मग?"
"पाऊस," मी म्हणालो.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मी खोटं बोलतोय का ते पाहत.

पुठ्ठा काढला नाही.
कोपऱ्यात तारीख घातली.