हरकत

तिसऱ्या भागात जुना वकील नाही.
नव्या पोरीचं नाव शलाका. काळा कोट खांद्यावरून उतरतोय,
फाइल धरलेली बोटं थरथरतात,
आणि गेम बनवणाऱ्यांनी ती थरथर इतकी नीट काढली आहे
की मी दोनदा थांबून पाहिली.

अमळनेर. मे. रात्रीचे साडेदहा,
भिंती अजून दुपार सोडत नाहीत.
कूलर पाणी मागतो, मी बादली ओतून येतो
तोवर दादा माझ्या खुर्चीत.

दादा, म्हणजे माझे वडील, एकतीस वर्षं
कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारायचे.
तीनदा. सुरतेकडची मालगाडी जात असेल
तर चौथ्यांदा.
आतलं सगळं ऐकू यायचं,
बोलायचं मात्र फक्त दुसऱ्याचं नाव.

"पहिलावाला वकील कुठं गेला?"
रिटायर झाला असेल, मी म्हणालो.
"पेन्शन बसली का त्याला?"

पडद्यावर साक्षीदार, बेकरीवाला. म्हणतो,
दुपारी बारापासून गाडी उन्हात, काचा बंद,
केक मागच्या सीटवर, मी संध्याकाळपर्यंत हललोच नाही.
शलाका फोटो उलटसुलट करते. मीही करतो.
टायरचे ठसे, पावती, अर्धी तुटलेली चावी.
अर्धा तास गेला.

दादा चष्मा कपाळावर सारून पुढं वाकले.
"खोटं बोली ऱ्हायना तो."
हळूच, दारातल्या माणसासारखं.
"मेणबत्त्या बघ. उभ्या कशा?
आपल्या देवळीतली आखाजीलाच कंबरेत वाकते."

केकवर सात मेणबत्त्या. सातही ताठ,
परेडला आलेल्या पोलिसांसारख्या.

बटणावर लिहिलंय: हरकत.
मी म्हणालो, तुम्हीच दाबा.

हा माणूस जन्मभर म्हणत आला, हरकत नाही.
पगार थकला, हरकत नाही.
साहेबांच्या घरी शेंगांची पिशवी पोचवायची, हरकत नाही.
एकदा धनराज नावाच्या एका पोराला
त्यांनी तीनदा पुकारलं, तो आत गेला.
त्याबद्दल ते एवढंच सांगतात
की त्या दिवशी गाडी नव्हती, आवाज स्वच्छ गेला.

बोट बटणापर्यंत जायला इतका वेळ लागला
की साक्षीदार पुढच्या वाक्यावर सरकला.
दाबलं.
हातोडा. चूक. दंड.
वरच्या पाच दिव्यांतला एक विझला.

"चुकलं?"
एक वाक्य उशीर झाला.
"मग आता?"
काही नाही, ते वाक्य परत येतं.
"परत येतं?"
माझ्याकडे असे बघत राहिले
जणू मी कोर्टाबाहेरचं काही बोललो.

कूलर पुन्हा कोरडा खडखडतोय. मी उठलो नाही.
साक्षीदार पहिल्यापासून सांगतोय, दुपारी बारापासून...
शलाकाचा हात अजून थरथरतोय,
बटणावरचा दादांचाही,
आणि ते उभे राहिले आहेत
खुर्ची मागे सारून,
घसा खाकरून.